खोकल्याचा व्हिडिओ तुम्हालाच का दिसला?

खापरखेड्यात पांढरा शर्ट दोरीवर वाळत घातला, की संध्याकाळी तो झटकून मगच घडी करायची, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. नागपूरच्या उत्तरेला वीसेक किलोमीटरवर सावनेर तालुक्यातले हे गाव. महानिर्मितीचे १३४० मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र इथे आहे, २१० मेगावॉटचे चार संच आणि ५०० चा एक. शेजारी वेकोलिची सिल्लेवाडा खाण. आपल्याकडच्या कोळशात साधारण ३० ते ४५ टक्के राखच असते. त्यामुळे वीज तारांमधून दूर जाते आणि राख गावाच्या आसपास राहते. अशा ठिकाणी खोकला झाला, तर कोणी फारसे दचकत नाही.

आमच्या ओळखीचे एक काका आहेत. केंद्राच्या कोल हँडलिंग विभागात आयुष्य काढून निवृत्त झालेले. गेल्या हिवाळ्यात ते तीन आठवडे खोकत होते. दवाखान्यात का गेला नाहीत, असे विचारले तर म्हणाले, "काही गरज नाही ना. मोबाईल रोज नवा काढा दाखवून राहिला. आलं झालं, अडुळसा झाला, काल जेष्ठमध आलं. त्याले बरोबर समजते मले काय पाहिजे ते."

त्यांचा मोबाईल घेऊन पाहिला. व्हिडिओच्या अ‍ॅपवर खोकला, कफ, फुप्फुस 'साफ' करण्याचे सात उपाय, एका रात्रीत छाती मोकळी, असे एकाखाली एक लागले होते. बहुतेक हिंदीत, दोन-तीन मराठीत. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबल्यावर 'हे का दिसते आहे' असा पर्याय आला. तो दाबला तेव्हा उत्तर मिळाले, की तुम्ही पूर्वी पाहिलेल्या व्हिडिओंवर आधारित. काकांना ते उत्तर पुरेसे वाटले. "पाह्यलं? माझ्यासाठीच निवडून देल्ला." मला मात्र ते ओळखीच्या दुकानदाराने 'घ्या हो, चांगलंच आहे' म्हणण्यासारखे वाटले. चांगले आहे ते कोणासाठी, आणि दुकानदाराला त्यात काय मिळते, हे त्या वाक्यात कुठेच नसते.

सध्या आपण काय पाहतो, काय ऐकतो, कोणते औषध मागवतो आणि कोणाचे म्हणणे खरे मानतो, यातला बराच भाग या शिफारस यंत्रणा ठरवतात. यूट्यूबवर लोक जितका वेळ घालवतात त्यातला ७० टक्क्यांहून अधिक वेळ शिफारशीतून समोर आलेल्या व्हिडिओंवर जातो, असे त्या कंपनीच्याच वरिष्ठ अधिकाऱ्याने २०१८ साली सांगितले होते. म्हणजे शोधून पाहणे मागे पडले आहे, समोर येईल ते पाहणे पुढे गेले आहे. करमणुकीच्या बाबतीत त्याने फार बिघडत नाही. नको ते गाणे लागले तर चार मिनिटे वाया जातील. खोकल्याच्या बाबतीत आठवडे वाया जातात, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

या यंत्रणांची मूळ कल्पना अगदी साधी आणि माणसाळलेली होती. अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९९२ च्या सुमारास ईमेलच्या ढिगाऱ्यातून कामाचे तेवढे निवडण्यासाठी 'टॅपेस्ट्री' नावाची व्यवस्था तयार झाली. सहकाऱ्यांनी ज्या मजकुरावर बरे-वाईट शेरे मारले, त्यांच्या आधारे दुसऱ्याने आपले वाचन निवडायचे. याला त्यांनी 'कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग' म्हटले, म्हणजे दहा जणांनी मिळून धान्य निवडावे तसे. १९९४ मध्ये 'ग्रुपलेन्स' या प्रकल्पाने हे काम आपोआप होईल असे केले. ज्यांची आवड आजवर माझ्या आवडीशी जुळली, त्यांना आवडलेली नवी गोष्ट मलाही आवडेल, एवढाच त्यामागचा तर्क. आपल्याकडे बाजारातला किराणावाला हेच करतो. 'तुमच्या शेजारच्या ताईंनी हीच चणाडाळ नेली' असे तो सांगतो, तेव्हा तो शिफारसही करतो आणि कारणही देतो. शिवाय ती ताई खरोखर शेजारी राहते, तिला विचारता येते.

संगणकाच्या शिफारशीतली ताई कधीच दिसत नाही. २००६ साली नेटफ्लिक्सने स्पर्धा लावली. आमच्या अंदाजापेक्षा १० टक्के अचूक अंदाज करून दाखवा आणि १० लाख डॉलर न्या. चार लाख ८० हजारांहून अधिक प्रेक्षकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले सुमारे १० कोटी गुण स्पर्धकांना दिले होते. २००९ मध्ये बक्षीस दिले गेले. त्या चढाओढीत जी गणिती पद्धत गाजली, तिच्यात प्रत्येक माणसाची आणि प्रत्येक चित्रपटाची ओळख काही डझन किंवा काही शेकडो आकड्यांत मांडली जाते. त्या आकड्यांना नावे नसतात. यंत्राला 'विनोदी' किंवा 'रडका' असे काही माहीत नसते, दोन आकड्यांच्या रांगा एकमेकींशी जुळतात एवढेच त्याला दिसते. आजच्या यंत्रणा तर त्याहून कितीतरी गुंतागुंतीच्या आहेत. म्हणून 'हे मला का दाखवलेस' या प्रश्नाचे खरेखुरे उत्तर म्हणजे आकड्यांचा एक ढीग, आणि तो कोणाच्याच उपयोगाचा नसतो. आपल्याला जे वाक्य दाखवले जाते ते नंतर, आपल्यासाठी, वेगळे तयार केलेले असते.

ते वाक्य कसे असावे, यावर गेल्या २५ वर्षांत बराच अभ्यास झाला आहे, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वात रंजक भाग वाटतो. २००० साली मिनेसोटा विद्यापीठातील जॉन हर्लॉकर आणि सहकाऱ्यांनी एकाच चित्रपटाच्या शिफारशीला २१ वेगवेगळ्या तऱ्हेची स्पष्टीकरणे जोडून लोकांना दाखवली. तुमच्यासारखी आवड असलेल्या किती जणांना तो आवडला आणि किती जणांना नाही, हे दाखवणारा साधा स्तंभालेख लोकांना सर्वाधिक पटला. 'आमचे अंदाज आजवर ८० टक्के वेळा बरोबर आले' हे साधे वाक्यही खूप वर होते. आतले गणित अधिक तपशिलाने उलगडणारे काही आलेख मात्र, काहीच कारण न देण्यापेक्षाही खाली गेले. लोकांना कारण हवे असते, पण समजेल असे. यात नवल नाही. आपण डॉक्टरांकडेही तेच मागतो.

गोम पुढे आहे. पटणारे कारण आणि योग्य निवड करायला मदत करणारे कारण एकच असते का? २००५ साली टेक्सास विद्यापीठातील मुस्तफा बिल्गिच आणि रेमंड मूनी यांनी हे पुस्तकांवर तपासले. आधी नुसते स्पष्टीकरण दाखवून पुस्तकाला गुण द्यायला सांगितले, मग पुस्तकाची खरी माहिती दाखवून पुन्हा गुण मागितले. 'तुमच्यासारख्या इतक्या जणांना आवडले' हे स्पष्टीकरण वाचून लोकांनी पुस्तकाला जास्त गुण दिले आणि माहिती मिळाल्यावर ते कमी केले. 'या पुस्तकात हे हे विषय आहेत, आणि तुम्ही आवडले म्हणून सांगितलेल्या पुस्तकांतही ते होते' अशा कारणाने मात्र आधीचे आणि नंतरचे गुण बरेच जवळ राहिले. पहिल्या प्रकारचे कारण माल खपवायला चांगले, दुसऱ्या प्रकारचे निवड करायला. कोणते कारण लावायचे हे ठरवण्याचा अधिकार अर्थात दुकान चालवणाऱ्याकडे.

आणि काही कारणे तर कारणेच नसतात. एलन लँगर या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९७८ सालचा एक प्रयोग प्रसिद्ध आहे. झेरॉक्सच्या यंत्राजवळ उभ्या असलेल्या माणसाला 'माझी पाच पाने आधी काढू का?' असे नुसते विचारले तर १०० पैकी ६० जणांनी होकार दिला. 'मला घाई आहे' असे सांगितल्यावर ९४ जणांनी. आणि 'मला झेरॉक्स काढायच्या आहेत म्हणून' असे सांगितल्यावरही ९३ जणांनी! झेरॉक्सपाशी दुसरे काय करायला येणार? पण वाक्यात 'म्हणून' होते, तेवढ्याने काम झाले. मागणी मोठी, म्हणजे २० पानांची, झाली तेव्हा मात्र हे पोकळ कारण चालले नाही. फुकटचा व्हिडिओ ही आपल्याला नेहमी छोटीच मागणी वाटते. 'तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओंवर आधारित' हे काकांना मिळालेले उत्तर मी याच जातीत धरतो. ते खोटे नाही. ते ऐकून आपण काही वेगळे ठरवू शकत नाही, इतकेच.

खरे कारण काय असते ते कंपन्यांच्याच शोधनिबंधांत सापडते. यूट्यूबच्या अभियंत्यांनी २०१६ मध्ये आपल्या यंत्रणेचे वर्णन प्रसिद्ध केले. आधी लाखो व्हिडिओंमधून काहीशे निवडायचे, मग त्यांना क्रम लावून काही डझन समोर ठेवायचे. क्रम लावताना अंदाज कशाचा, तर हा माणूस हा व्हिडिओ किती वेळ पाहील याचा. त्यानंतर समाधानाची सर्वेक्षणे, विश्वासार्ह स्रोतांना वजन अशा बऱ्याच गोष्टी जोडल्या गेल्या, काही आरोग्यविषयक व्हिडिओंखाली स्रोत सांगणारी पट्टीही येते. तरी पाया तोच, की माणूस थांबला पाहिजे. ज्या व्हिडिओने खोकला जातो त्यापेक्षा ज्याने माणूस पुढचाही व्हिडिओ पाहतो, तो या हिशेबात सरस. यात कोणाचा दुष्टपणा नाही. यंत्राला 'खोकला गेला' ही खबर कधी पोहोचतच नाही. व्हिडिओ पाहिला, ही पोहोचते.

क्षयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचा साधा नियम आहे. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. आता कित्येक ठिकाणी गोव्यातल्या कंपनीने विकसित केलेले ट्रूनॅट यंत्र त्यासाठी वापरले जाते. हा सगळा सल्ला दोन ओळींचा आहे. त्याचा दहा मिनिटांचा व्हिडिओ होत नाही, आणि केला तरी पाहणारा तो पाहून उठून जातो. काढ्याचा व्हिडिओ रोज नवा होतो.

तीच गत स्थानिक माहितीची. कोराडी आणि खापरखेडा केंद्रांच्या परिसरातील पाणी आणि राखेचे नमुने तपासून मंथन अध्ययन केंद्र आणि अन्य संस्थांनी २०२१ मध्ये अहवाल काढला होता. खापरखेड्यातल्या खोकणाऱ्या माणसाच्या तो नक्कीच कामाचा. पण शिफारस यंत्रणा ज्याला पुष्कळांनी पाहिले त्यालाच आणखी पुढे करते. नागपूर जिल्ह्यातल्या चार गावांपुरत्या विषयाला लाखो प्रेक्षक कोठून मिळणार? म्हणून सिल्लेवाड्याच्या माणसाला हरिद्वारचा काढा दिसतो आणि आपल्या अंगणातल्या राखेविषयी काही दिसत नाही.

आणखी एक गोष्ट आपल्या घरांना जास्त लागू होते. यंत्रणा समजते की एक मोबाईल म्हणजे एक माणूस. काकांचा मोबाईल दुपारी नातू घेतो, रात्री सून घेते. त्यामुळे काकांच्या खोकल्यासाठी जमलेले उपाय सुनेलाही दिसतात, आणि तिच्या कडेवर नऊ महिन्यांचे बाळ आहे. मध घालून चाटण हा म्हाताऱ्याच्या घशाला बरा उपाय असेल, पण एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नसतो. त्यातून बॉट्युलिझम हा दुर्मीळ पण जिवावरचा आजार होऊ शकतो. सरबताच्या बाटल्यांबाबत तर या भागाने २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फार वाईट दिवस पाहिले. विषारी डायएथिलीन ग्लायकॉल असलेले कफ सिरप पोटात गेलेली छिंदवाडा जिल्ह्यातली मुले उपचारांसाठी नागपूरला आणली जात होती, आणि त्यांतली कित्येक वाचली नाहीत. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नका आणि पाच वर्षांखालीही शक्यतो टाळा, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने तेव्हा बजावले. 'हे का दिसते आहे' या पर्यायात 'कारण तुमच्या सासऱ्यांना खोकला आहे' असे उत्तर मिळाले असते, तर सून तिथेच थांबली असती. ते उत्तर यंत्राला माहीत नाही.

मग शिफारस यंत्रणा वाईटच का? तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. मुंबईतच याच्या अगदी उलट उदाहरण आहे. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ मध्ये सुरू केलेली 'अरमान' ही संस्था 'एममित्रा' नावाची मोफत सेवा चालवते. गरोदर बायकांना आणि तान्ह्या बाळांच्या आयांना त्यांच्या भाषेत, त्यांच्या सोयीच्या वेळी फोनवर आरोग्याचे छोटे संदेश ऐकवले जातात. अडचण अशी, की कित्येक जणी काही आठवड्यांनी फोन ऐकणे सोडतात. कार्यकर्तीने स्वतः फोन करून विचारपूस केली तर त्यातल्या काही परत येतात, पण कार्यकर्त्या मोजक्या आणि बायका हजारो. या आठवड्यात कोणाला फोन करायचा? गूगलच्या भारतातील संशोधन विभागातले मिलिंद तांबे आणि सहकाऱ्यांनी यासाठी यंत्रणा तयार केली. २०२१ मध्ये २३ हजार स्त्रियांवर सात आठवडे तिची चाचणी झाली. यंत्रणेने सुचवलेल्या यादीप्रमाणे फोन केले तेव्हा ऐकणे सुटण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटले. पुढच्या वर्षापासून ती प्रत्यक्ष कामात आली.

तिथे यंत्राला दिलेले काम लक्षात घेण्यासारखे आहे. जी बाई फोन सोडून देण्याची शक्यता सर्वाधिक, तिला फोन करा, असे ते सांगत नाही. फोन केल्याने जिच्यात सर्वाधिक फरक पडेल, तिला करा, असे सांगते. काही जणी फोन न करताही ऐकत राहणार असतात, काही जणी करूनही ऐकणार नसतात. मोजक्या कार्यकर्तीचा मोजका वेळ मधल्या बायकांसाठी वापरायचा. गणित त्याच जातीचे आहे. उद्दिष्ट वेगळे आहे, आणि शिफारस मिळते ती एका जाणत्या बाईला, जी फोन उचलल्यावर स्वतःचे डोके वापरू शकते.

कायद्याचे काय? युरोपच्या डिजिटल सेवा कायद्यातील २७ वे कलम सांगते, की शिफारस कोणत्या मुख्य निकषांवर होते हे प्रत्येक मंचाने सोप्या भाषेत लिहिले पाहिजे. ३८ वे कलम अतिविशाल मंचांना वैयक्तिक माहिती न वापरणारा निदान एक पर्याय द्यायला लावते. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांत याच्या जवळ जाणारी तरतूद आहे. वस्तू आणि विक्रेत्यांचा क्रम कोणत्या मुख्य निकषांवर लागतो आणि त्यांचे तुलनेने महत्त्व किती, हे ऑनलाइन बाजारांनी सोप्या भाषेत जाहीर करायचे. म्हणजे कुकरच्या दहा जाहिरातींचा क्रम का लागला हे विचारण्याचा आधार आपल्याला आहे. खोकल्याच्या दहा उपायांचा क्रम का लागला, हे विचारण्याचा नाही, कारण व्हिडिओ ही विकायला ठेवलेली वस्तू नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे हे विचारता येईल. तिच्यावरून मला हे का दाखवले, हा पुढचा प्रश्न त्यात बसत नाही. आरोग्याच्या मजकुरापुरती तरी ही फट बुजवायला हरकत नसावी, असे माझे मत.

तोवर हातात उरतात ती बटणे. 'मला यात रस नाही' दाबले की झाले, असा समज आहे. मोझिला फाउंडेशनने २०२२ मध्ये यूट्यूबच्या २० हजारांहून अधिक स्वयंसेवकांच्या वापरावरून हे तपासले, तेव्हा त्या बटणाने नकोशा शिफारशींपैकी जेमतेम ११ टक्केच अडल्या. 'हे चॅनेल सुचवू नका' याने ४३ टक्के, आणि पाहिल्याच्या यादीतून व्हिडिओ काढून टाकल्याने २९ टक्के. म्हणून नको असलेल्या चॅनेलचेच नाव काढणे आणि यादी पुसणे हे त्यातल्या त्यात कामाचे. घरात एकच मोबाईल असेल तर आजाराविषयी शोधताना इतिहास साठवणे बंद ठेवावे. डॉक्टरांना विचारायचा प्रश्न डॉक्टरांसाठीच ठेवावा.

काकांना शेवटी सुनेने सरकारी दवाखान्यात नेले. थुंकीची तपासणी झाली, क्षय निघाला नाही. डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "काम कुठे केलंत?" कोल हँडलिंग, बत्तीस वर्षे. दुसरा प्रश्न बिडीचा. मग फुंकर मारायची चाचणी, श्वासनलिका आकुंचन पावल्याचे निदान आणि एक इन्हेलर. हे का देतो आहे, हे त्यांनी दोन वाक्यांत सांगितले. काकांनी त्यावर 'पण मी बिडी कधीच सोडली ना' असा वाद घातला, आणि डॉक्टरांनी त्याचेही उत्तर दिले.

खोकला आता बराच कमी आहे. मोबाईलवर काढे येणे सुरूच आहे. परवा काका मला स्क्रीन दाखवत म्हणाले, "मी बरा झालो, हे याले सांगू कसं, हे तं सांग."